जुन्या विमानाचा नवा फलक

१ जानेवारी २०२५ रोजी ‘भारतीय वायुयान अधिनियम, २०२४’ अंमलात आला आणि १९३४ चा विमान कायदा नव्वदी गाठून निवृत्त झाला. त्या वेळी संसदेत आणि वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती मुख्यतः कायद्याच्या हिंदी नावाची. एका छोट्या भरीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. विमानाची निर्मिती, ते बाळगणे, वापरणे, विकणे, आयात-निर्यात करणे या गोष्टी जुन्या कायद्याच्या कक्षेत होत्याच. नव्या कायद्याने त्यांच्या जोडीला ‘आरेखन’ आणून बसवले. विमानाचे आरेखन म्हटले की डोळ्यांसमोर नवी विमाने येतात. पण हा प्रश्न सर्वांत चिवटपणे छळतो तो जुन्या विमानांना. आणि तोही पंखांच्या किंवा इंजिनाच्या बाबतीत नव्हे, तर वैमानिकाच्या नाकासमोर असलेल्या हातभर फळीच्या बाबतीत. ही फळी म्हणजे उपकरण-फलक, रोजच्या भाषेत ‘पॅनेल’. जुन्या हलक्या विमानाच्या पॅनेलमधली एक तबकडी काढून तिथे नवी बसवायची, तर ती सरकारी मान्यतेवाचून बसवता येत नाही. ही मान्यता इतकी अवघड का झाली आणि काही ठिकाणी ती सोपी कशी झाली, हा विमानविद्येच्या इतिहासातला एक दुर्लक्षित पण बोधप्रद भाग आहे.

१९३४ चा कायदा आणि त्या काळची विमाने समवयस्क होत. टायगर मॉथ १९३१ साली प्रथम उडाले, लेपर्ड मॉथ १९३३ साली. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले ते याच घराण्यातल्या पस मॉथ विमानातून. रेडिओ नव्हता, नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी भूमी एवढाच आधार. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी तेच उड्डाण पुन्हा केले, तेव्हा विमान होते लेपर्ड मॉथ. म्हणजे जवळजवळ कायद्याच्याच वयाचे.

त्या पिढीतल्या विमानाचे पॅनेल आज पाहिले तर त्याच्या साधेपणाचे नवल वाटते. टायगर मॉथमध्ये वेगमापक, उंचीमापक, इंजिनाचे फेरे आणि तेलाचा दाब दाखवणाऱ्या तबकड्या, वळण दाखवणारा एक काटा, आणि खाली थाळीएवढे मोठे होकायंत्र. इंधन किती उरले हे पॅनेलवर दिसतच नाही. ते पाहायला मान वर करून वरच्या पंखातल्या टाकीवरचा तरंगता दर्शक बघावा लागतो. दोन आसनांमधले संभाषण चालते ते बोलनळीतून. विजेचे जनित्र नाही, स्टार्टर नाही. पंखा हातानेच फिरवायचा. अशा विमानात ज्याला नुसता एक रेडिओ बसवायचा आहे, त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो विजेचा.

उपकरणांची खरी गरज कळली ती ढगांत. माणसाच्या अंतर्कर्णात तोल सांभाळणारी जी यंत्रणा आहे ती चालण्या-धावण्यासाठी घडलेली आहे. विमान सावकाश एका बाजूला कलू लागले आणि क्षितिज दिसत नसेल, तर काही सेकंदांतच कानांतला द्रव स्थिरावतो आणि मेंदूला आपण सरळ आहोत असे वाटू लागते. १९५४ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात याची परीक्षा झाली. उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांना बाहेरचे काही दिसणार नाही अशा स्थितीत विमान चालवायला दिले. वीसच्या वीस जणांचे विमान धोकादायक अवस्थेत गेले. त्याला सरासरी वेळ लागला १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांना दोन सेकंद कमी.

या संकटावरचा उपाय त्याआधी पंचवीस वर्षे सापडला होता. २४ सप्टेंबर १९२९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर जिमी डूलिटल यांनी विमानाच्या मागच्या आसनावर कापडी टपाखाली बसून, बाहेरचे काहीही न बघता उड्डाण केले, फेरी मारली आणि विमान उतरवले. सगळे मिळून १५ मिनिटे. वेळ पडली तर सावरायला पुढे बेन केल्सी बसले होते. पण ती वेळ आली नाही. डूलिटल यांच्यापुढे स्पेरी यांचा कृत्रिम क्षितिजदर्शक होता, दिशा दाखवणारा जायरोस्कोप होता आणि कोल्समन यांचा अतिशय संवेदनशील उंचीमापक होता. डोळ्यांनी कानांवर मात करायची, हे सूत्र त्या दिवशी सिद्ध झाले. १९३७ च्या सुमारास ब्रिटिश हवाई दलाने सहा उपकरणांची एक ठरावीक मांडणी स्वीकारली: वर वेगमापक, क्षितिजदर्शक आणि चढ-उताराचा वेग, खाली उंचीमापक, दिशादर्शक आणि वळणमापक. कोणत्याही विमानात बसा, नजर सवयीने योग्य जागी जावी, हा हेतू. खासगी हलक्या विमानांत मात्र ही शिस्त यायला फार काळ गेला. १९५० च्या दशकातील अनेक अमेरिकी विमानांत तबकड्या जिथे जागा मिळेल तिथे बसवलेल्या असत. बंदुकीच्या छर्ऱ्यांसारख्या विखुरलेल्या म्हणून वैमानिक त्याला ‘शॉटगन पॅनेल’ म्हणत. जुन्या विमानाचा मालक पॅनेल बदलू पाहतो ते केवळ हौसेखातर असा समज असतो. त्यामागे पुष्कळदा ही विस्कळीत मांडणीच असते.

मग अडते कुठे? याचे उत्तर १९२७ मध्ये आहे. त्या वर्षी २९ मार्चला अमेरिकी सरकारने ‘बूल एअरस्टर’ नावाच्या विमानाला पहिले टाइप सर्टिफिकेट दिले. टाइप सर्टिफिकेट, म्हणजे नमुना-प्रमाणपत्र, ही कल्पना दिसते तितकी साधी नाही. सरकार एकेका विमानाला नव्हे, तर एका नमुन्याला मान्यता देते: रेखाचित्रे, वजने, मर्यादा आणि अनिवार्य उपकरणांची यादी यांसह. त्यानंतर बाहेर पडणारे प्रत्येक विमान त्या नमुन्याशी जुळते एवढेच पाहायचे. जुळले तर उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळते. न जुळले तर ते विमान कायद्याच्या दृष्टीने त्या नमुन्याचे उरतच नाही. १९४४ च्या शिकागो करारानंतर ही पद्धत जगभर रूढ झाली, आणि भारतातही १९३७ च्या विमान नियमांच्या चौकटीत तीच रुळली. साहजिकच, पॅनेलमध्ये केलेला बदल म्हणजे एका तबकडीच्या जागी दुसरी तबकडी नव्हे. तो नमुन्यातला बदल ठरतो. त्यासाठी पूरक नमुना-प्रमाणपत्र हवे, आणि ते मागणाऱ्याने सिद्ध करायचे असते की बदललेला नमुनाही मूळ नमुन्याइतकाच सुरक्षित आहे.

सिद्ध काय करायचे, याची कल्पना बाहेरच्या माणसाला सहसा नसते. समजा, एका सत्तर वर्षांच्या दोन-आसनी विमानात जुना क्षितिजदर्शक काढून पडद्याचे नवे उपकरण बसवायचे आहे. जुने उपकरण हवेवर चाले. नव्याला वीज लागते. मग जनित्र ती पुरवू शकेल काय, जनित्र बंद पडल्यास बॅटरीवर उपकरण किती वेळ चालेल, तारेला आग लागू नये म्हणून कोणत्या क्षमतेचा ब्रेकर लावला, हे मांडावे लागते. जुन्या इंजिनाच्या मॅग्नेटोवर आणि ठिणगीच्या तारांवर अनेकदा विद्युत-आवरण नसते, त्यामुळे रेडिओत खरखर येते. तिचा बंदोबस्त दाखवावा लागतो. वेग आणि उंची मोजणाऱ्या उपकरणांना बाहेरच्या हवेचा दाब पोहोचवणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यांचा सांधा सोडून पुन्हा जोडला की गळतीची चाचणी करावी लागते, कारण तिथे थोडी जरी गळती राहिली तरी उंचीचा आकडा बिनदिक्कत खोटा येतो. जुना जायरो चांगला वजनदार, नवा पडदा हलका. विमानाच्या नाकाकडचे वजन घटले की गुरुत्वमध्य मागे सरकतो, म्हणून वजन-तोलाचा तक्ता नव्याने करावा लागतो. पॅनेल लाकडी असेल तर त्यात पाडलेल्या नव्या भोकाने ते कमकुवत झाले का, हे पाहावे लागते. पडद्यावर ऊन पडले असता आकडे वाचता येतात का, दोन्ही आसनांवरून दिसतात का, हेही पाहायचे. आणि उपकरणातल्या संगणक-प्रणालीची पडताळणी हा तर स्वतंत्र खर्चिक विषय. तिच्यासाठी ‘डीओ-१७८’ नावाची मानके आहेत, आणि त्यांतल्या वरच्या पातळीची पूर्तता करायला जो पैसा लागतो तो मोठ्या प्रवासी विमानाच्या किमतीत जिरून जातो, छोट्या विमानाच्या किमतीत जिरत नाही.

येथेच या इतिहासातली मोठी विसंगती जन्माला आली. नमुना गोठवून ठेवण्याचा हेतू सुरक्षितता हा होता. पण गोठला कोणता नमुना? हवेवर फिरणाऱ्या जायरोचा. या उपकरणात एक छोटे जड चाक भोवऱ्यासारखे गरगर फिरत असते आणि आपला अक्ष सोडत नाही. त्यावर क्षितिजाची रेघ टेकलेली असते. त्याला फिरवणारी हवा आधी विमानाच्या अंगावर बसवलेल्या व्हेंच्युरी नळीने खेचली जाई, पुढे इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपाने. पंप बंद पडला तर भोवरा लगेच थांबत नाही. तो मंदावत जातो, डुलू लागतो, आणि क्षितिजाची रेघ हळूहळू तिरकी होते. ढगात असलेला वैमानिक त्या तिरक्या रेघेशी विमान जुळवत राहतो. उपकरण बंद पडलेले परवडते. असे संथपणे खोटे बोलणारे परवडत नाही. १६ ऑक्टोबर २००० रोजी मिझुरी राज्याचे गव्हर्नर मेल कार्नाहन ज्या छोट्या विमानात होते ते रात्री खराब हवेत कोसळले. दिशाभ्रमामुळे वैमानिकाचा विमानावरील ताबा सुटला, असा अमेरिकी तपास मंडळाचा निष्कर्ष होता. आणि मुख्य क्षितिजदर्शकातील बिघाड हे त्यांनी साहाय्यभूत कारण म्हणून नोंदवले.

त्याच सुमारास घरी बांधलेल्या प्रायोगिक विमानांत वेगळेच दृश्य दिसू लागले. अशा विमानांना नमुना-प्रमाणपत्राची अट नसते. त्यांत फिरत्या चाकाऐवजी सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले सूक्ष्म जायरो वापरणारे पडदे आले. त्यांत झिजणारे चाक नाही, पंप नाही; पोटातच छोटी बॅटरी; आणि माहिती विश्वसनीय नसेल तर पडद्यावर सरळ लाल फुली. किंमत जुन्या पद्धतीच्या प्रमाणित उपकरणांच्या तुलनेत थोडी. म्हणजे हौशी माणसाने गॅरेजमध्ये जुळवलेल्या विमानाचे पॅनेल हे कारखान्यात तयार झालेल्या, सरकारमान्य विमानापेक्षा अधिक भरवशाचे होऊ लागले. नियमांनी जुने उपकरण जपले होते आणि चांगल्याला दाराबाहेर ठेवले होते. त्यात नियमकर्त्यांचा हेतू वाईट नव्हता; पण दरवाजा मात्र बंद होता, हे म्हटलेच पाहिजे.

तो उघडला तो प्रश्नाची मांडणी बदलल्याने. नवे उपकरण सर्वांत कडक मानकाला उतरते का, असा जुना प्रश्न होता. नवा प्रश्न असा: हे उपकरण बसवल्याने हे विशिष्ट विमान आजच्यापेक्षा अधिक सुरक्षित होते की कमी? या विचाराची बीजे आधीच पेरलेली होती. प्रवासी जेट विमानात प्राणघातक बिघाडाची शक्यता दर उड्डाण-तासाला अब्जात एक इतकी कमी असावी लागते. लहान एक-इंजिनी विमानासाठी अमेरिकी मार्गदर्शक पत्राने ती दहा लाखांत एक धरली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान प्रशासनाने व्हॅक्यूमवर चालणारे क्षितिजदर्शक बदलण्याबाबत स्वतंत्र धोरण काढले. एप्रिल २०१६ मध्ये हौशी विमानकारांच्या ‘ईएए’ या संघटनेने मिळवलेल्या पूरक प्रमाणपत्रामुळे, मूळ प्रायोगिक विमानांसाठी बनलेला डायनॉन कंपनीचा पडदा सेसना १५०, १५२, १७२ आणि पायपरच्या काही नमुन्यांत बसवायला परवानगी मिळाली. महत्त्वाची गोष्ट अशी की हे प्रमाणपत्र वापरकर्त्यांच्या संघटनेच्या नावे होते. त्याच वर्षी गार्मिनच्या एका छोट्या पडद्याला पाचशेहून अधिक नमुन्यांची एकच यादी जोडून मान्यता मिळाली. प्रत्येक नमुन्यासाठी वेगळी फाइल करण्याची गरज उरली नाही. युरोपनेही २०१५ मध्ये ‘सीएस-स्टॅन’ या नावाने ठरावीक बदलांची पुस्तिका काढली: तीत दिलेल्या पद्धतीने काम केले तर वेगळ्या आरेखन-मान्यतेसाठी अर्ज करावा लागत नाही. ३० ऑगस्ट २०१७ पासून लहान विमानांचे अमेरिकी नियमही नव्या रूपात लागू झाले. उपकरण कसे बनवावे हे सांगण्याऐवजी त्याने काय साधावे हे ते सांगू लागले.

भारताच्या दृष्टीने खरा पेच या याद्यांपाशी सुरू होतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, ‘सीएआर-२१’ या नियमावलीनुसार बदलांना मान्यता देते. वजन, तोल, बळकटी, विश्वासार्हता किंवा चालवण्याची रीत यांवर लक्षणीय परिणाम न करणारा बदल तो लहान, बाकीचा मोठा. मोठ्या बदलासाठी परदेशी पूरक प्रमाणपत्र असेल तर ते तपासून स्वीकारण्याची वाट आहे. आपल्या फ्लाइंग क्लबांत वर्षानुवर्षे उडणारी सेसना १५२ किंवा १७२ त्या अमेरिकी यादीत असते, म्हणून निदान कागदाची सुरुवात तरी तयार मिळते. टायगर मॉथसारख्या ब्रिटिश विमानाच्या नमुन्याची जबाबदारी इंग्लंडमध्ये डक्सफर्डची ‘डी हॅविलँड सपोर्ट’ ही संस्था सांभाळते. विचारायला कोणी तरी आहे.

पण ‘पुष्पक’चे काय? बेंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात बांधलेले हे दोन-आसनी, कापडाच्या आवरणाचे, ९० अश्वशक्तीचे विमान २८ सप्टेंबर १९५८ रोजी प्रथम उडाले. रचनेत ते अमेरिकेच्या एअरॉन्का चीफशी मिळतेजुळते. दीडशेच्या वर पुष्पक बांधली गेली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत वाटली गेली. कित्येक वैमानिकांनी पहिला एकट्याचा फेरा त्यातच मारला. त्या काळी कारखान्याच्या आरेखनाचे नेतृत्व होते डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्याकडे. गटिंगन येथे लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट केलेल्या या मराठी शास्त्रज्ञाने १९५१ मध्ये एचटी-२ हे शिकाऊ विमान आकाराला आणले होते. पुष्पकला अमेरिकी नमुना-प्रमाणपत्र नाही. त्यामुळे अमेरिकी याद्यांत त्याचे नाव येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. चुलतभाऊ शोभणाऱ्या एअरॉन्काचा दाखला देऊन भागत नाही, कारण कायद्याला साम्य चालत नाही, नमुना लागतो. परदेशी विमानाला परदेशी मान्यतेची काठी मिळते. देशी विमानाला मात्र प्रत्येक रेखाचित्र, विजेचा प्रत्येक हिशेब आणि प्रत्येक चाचणी इथेच उभी करावी लागते. म्हणजे स्वदेशी आरेखन करणारा देश जर त्या आरेखनाचा पुढचा सांभाळ करणारी व्यवस्था उभारत नसेल, तर त्याची स्वतःची विमाने परक्या विमानांहून अधिक पोरकी होतात. नव्या कायद्यात ‘आरेखन’ आले, त्याचे महत्त्व मोजायचे तर ते अशा ठिकाणी मोजावे.

हवाई दलाची गोष्ट वेगळी आहे. ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलेले त्यांचे टायगर मॉथ २०१२ च्या हवाई दल दिनी हिंडन येथे पुन्हा उडाले. पण लष्करी विमाने डीजीसीएच्या कक्षेबाहेर असतात. नागरी क्षेत्रात राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेच्या ‘हंसा-३’ ला २००० साली डीजीसीएचे नमुना-प्रमाणपत्र मिळाले आणि तिची पुढची आवृत्ती ‘हंसा-एनजी’ ३ सप्टेंबर २०२१ रोजी बेंगळुरूत प्रथम उडाली. तिच्या पॅनेलवर गोल तबकड्यांऐवजी पहिल्यापासूनच पडदे आहेत. आज नवे वाटणारे हे पडदेही तीस वर्षांनी जुने होतील. त्यांचे सुटे भाग तेव्हा बाजारात नसतील आणि बदलाचा अर्ज कोणाच्या नावे करायचा हा प्रश्न तेव्हाच्या फ्लाइंग क्लबापुढे येईलच. संगणकीय उपकरणांचे आयुष्य जायरोच्या चाकापेक्षा कमीच असते.

काढून टाकलेल्या तबकड्यांबद्दलही थोडे सांगायला हवे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे बनलेल्या अनेक उपकरणांचे आकडे अंधारात दिसावेत म्हणून रेडियमयुक्त रंगाने रंगवलेले असत. आज ते आकडे चमकत नाहीत, म्हणून निरुपद्रवी वाटतात. पण थकलेले असते ते रंगातले झिंक सल्फाइड. रेडियमचा अर्धायुष्यकाल सुमारे १,६०० वर्षांचा आहे. काच फुटलेली अशी तबकडी टेबलावर ठेवून घासणे, किंवा शोभेसाठी घरात मांडणे, हा वेडेपणा होय. रंगाचे पोपडे श्वासातून शरीरात गेले तर हे किरणोत्सारी द्रव्य हाडांत जाऊन बसते. ती काढण्याचे आणि ठेवण्याचे काम जाणकाराकडेच द्यावे लागते, आणि मान्यतेच्या खर्चात हा खर्च बहुधा कोणी धरलेला नसतो.

नवा फलक बसला, फाइल मंजूर झाली, तरी एक काम उरते, आणि ते १९३२ मध्ये होते तसेच आहे. पॅनेलमागच्या नव्या तारांतून वीज वाहते, एखादा पोलादी स्क्रू पितळी स्क्रूच्या जागी गेलेला असतो, आणि होकायंत्राची सुई काही अंशांनी चळते. म्हणून विमान इमारती आणि लोखंडापासून दूर, मोकळ्या जागी नेतात. इंजिन चालू, रेडिओ आणि नवा पडदा चालू. विमानाचे नाक उत्तरेकडे धरून नोंद घेतात, मग तीस-तीस अंशांनी वळवत पूर्ण फेरा करतात. प्रत्येक दिशेला सुई किती चुकते ते एका छोट्या कार्डावर लिहितात, आणि ते कार्ड होकायंत्राजवळ, वैमानिकाला दिसेल असे लावून ठेवतात.